छतातला आवाज

ऑफिसात तिला सगळे घार म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनापासून आवडायचं. काम होतं नजरेचंच. समोर भला मोठा पडदा, त्यावर नऊ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत समुद्रापलीकडचं एकेक दुकान. त्या दुकानांत विकणारं कुणीच नसतं. गिऱ्हाईक येतं, वस्तू उचलतं, यंत्रासमोर धरून आपले आपण पैसे भरतं आणि चालायला लागतं. लक्ष ठेवायला छतात कॅमेरे, आणि त्या कॅमेऱ्यांच्या ह्या टोकाला ही बाई, चपला टेबलाखाली सरकवून, कानाला हेडफोन लावून बसलेली. कुणी काही खिशात सारलं की बटण दाबायचं आणि तिकडच्या भाषेत बोलायचं. आवाज थेट छतातून उतरायचा. भल्याभल्यांची बोबडी वळायची, आणि ही इकडे गालातल्या गालात हसायची.

घरी सासूबाईंना कोण कौतुक! “आमची सून परदेशातली नऊ दुकानं सांभाळते,” असं त्या शेजारीपाजारी सांगत सुटायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, दुकानं हिच्याच नावावर आहेत.

त्या दिवशी चौथ्या चौकटीत एक म्हातारा दिसला. अंगात तपकिरी कोट, हातात कापडी पिशवी. दिव्यांच्या फळीपुढे तो बराच वेळ घुटमळत होता. एक बल्ब उचल, निरखून बघ, ठेव, दुसरा उचल. मग त्याने मान वळवून मागे पाहिलं आणि हातातला बल्ब कोटाच्या खिशात घातला. झालं! घारीने झडप घातली. बोलण्याआधी चित्र मागे नेऊन खात्री करून घ्यायची, असा नियम होता. पण तो नवख्यांसाठी, असं ती मानायची. हिच्या डोळ्यांना काय धाड भरली होती?

“तपकिरी कोटवाले गृहस्थ, खिशात घातलेली वस्तू जागेवर ठेवा.”

म्हातारा गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागला. आवाज कुठून आला तेच त्याला कळेना. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या लेकीला जवळ ओढून घेतलं.

“तुम्हालाच सांगतेय. वस्तू जागेवर ठेवा,” घारीने आवाज चढवला.

तेव्हा त्याला उमगलं. त्याने मान वर केली, खिशातून बल्ब काढला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. काच आतून काळी पडलेली होती. त्याने तो हलवून दाखवला. आतली तुटकी तार खुळखुळली असणार. जळालेला बल्ब होता तो, त्याच्या घरचा. तसाच नवा मिळावा म्हणून बरोबर आणलेला!

अहो, ह्यात नवल ते काय? तिचा नवरासुद्धा बल्ब आणायला निघाला की जुना खिशात टाकूनच निघतो, नाहीतर हमखास भलत्याच मापाचा घेऊन येतो. हे तिला माहीत नव्हतं? होतं की! पण पडद्यावर बघताना तिला माणूस दिसतच नव्हता. नुसते हात आणि खिसे दिसायचे.

तिने घाईघाईने चित्र मागे नेलं. दारातून आत येतानाच म्हाताऱ्याच्या हातात तो काळा बल्ब होता. स्वच्छ दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता.

माफी मागायची वेळ तीच होती. पण तिचं बोट बटणावरून सुटलं. छतातून काही उत्तर येईना, म्हणून म्हाताऱ्याला वाटलं, अजून खात्री पटलेली नाही. त्याने चष्म्याचं घर काढलं. किल्ल्या काढल्या. रुमाल झटकून दाखवला. शेवटी दोन्ही खिशांची अस्तरं बाहेर ओढून तो तसाच उभा राहिला. मग नवा बल्ब न घेताच निघून गेला.

“एवढं काय मनाला लावून घेताय, ताई?” टीम लीडर म्हणाला. “तक्रार आलेली नाही. तुमच्यावर काही बालंट येणार नाही.”

बालंट गेलं खड्ड्यात! तिला कसनुसं झालं होतं.

म्हातारा मात्र येत राहिला. दुसरं दुकान लांब असेल, पायांना झेपत नसेल, कोण जाणे. पण आता त्याची एक रीतच पडून गेली. पैसे भरायचे, पावती घ्यायची, दारापाशी कॅमेऱ्याखाली यायचं, पिशवी उघडून दाखवायची, खिसे उलटे करायचे आणि मग बाहेर पडायचं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. तो दारापाशी आला की हिचा चेहरा तापायचा. ती उगाचच दुसऱ्या चौकटीकडे बघायची.

एकदा भाजी निवडता निवडता तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. स्वतःचं म्हणून नव्हे हो! एवढी छाती कुठून आणणार? “आमच्या ऑफिसात एक बाई आहे,” अशी सुरुवात केली.

सासूबाईंचे हात थांबले. “बापाच्या वयाच्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलं? जीभ कशी झडली नाही मेलीची! तूसुद्धा अशांच्या नादी लागू नकोस बाई.” मग त्यांनी विचारलं, “माफी तरी मागितली का तिने?”

“नाही.”

“मग तो बिचारा जन्मभर खिसे दाखवत बसेल,” असं म्हणून त्या पुन्हा देठ मोडायला लागल्या.

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताना ठरवूनच गेली. नोकरी गेली तर गेली, बोलायचंच. तिकडच्या भाषेतली वाक्यं तिने तोंडात घोळवून घोळवून पक्की केली. दोन दिवस म्हातारा फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला. एकटा असताना बोलावं म्हणून ती थांबली, पण दुकान काही रिकामं होईना. तो पैसे भरून दाराकडे वळला तेव्हा तिने बटण दाबलं.

“आजोबा, जरा थांबा—”

तो जागच्या जागी गोठला. हातातली पिशवी खाली ठेवली.

“आजोबा, तुमची काही चूक नाही. चूक माझी होती.”

चष्म्याचं घर बाहेर आलं. “पावती आहे हो,” तो वर बघून म्हणत होता, “ही बघा, पावती आहे.” गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“नको, नको, काही काढू नका! मी माफी मागतेय!”

किल्ल्या बाहेर आल्या. घाईत त्या हातातून निसटून खाली पडल्या. तिचं बोलणं त्याच्या कानांपर्यंत पोचत होतं, पण आत शिरत नव्हतं. छतातल्या त्या आवाजाने त्याला एकदाच काय ते सांगितलं होतं, आणि आता तो आवाज काहीही बोलला तरी म्हाताऱ्याला तेच ऐकू येत होतं. हिचा एकेक शब्द गेला की त्याच्या खिशातून एकेक वस्तू निघत होती.

तिने बोट काढून घेतलं. गप्प बसण्याखेरीज तिच्या हातात आता काही उरलं नव्हतं.

म्हातारा कोट काढायला लागला. तेव्हा रांगेतली एक तरुण मुलगी पुढे आली. तिने त्याचा हात धरला, कोट पुन्हा खांद्यावर नीट चढवला, खाली वाकून किल्ल्या गोळा केल्या आणि एकेक वस्तू त्याच्या खिशात परत ठेवली. मग तिने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. नुसती बघत राहिली.

तिकडून आपण दिसत नाही हे पक्कं ठाऊक असूनही घारीने मान खाली घातली.