सोनूबाईंचे धवले आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ना पडदा, ना कळफलक. नुसता घुरघुरणारा पत्र्याचा डबा. रेवसला जेटीजवळ विनिताच्या खोलीत माझी उभी हयात गेली. मुरुडच्या लॉजवाल्यांच्या वेबसाइट मी सांभाळल्या. साइट कधी बंद पडत नाही म्हणून ते विनिताचे कौतुक करीत, आणि इकडे खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजत होते.

विनिता तशी सावध. तिने दूरच्या डेटा सेंटरमधली एक डिस्क नेटवर्कवरून मला जोडली. माझ्या 'बॅकअप' फोल्डरात काही टाकले की ते थेट तिकडे पोचायचे. माझ्यावरचे कंट्रोल पॅनल नावाचे सॉफ्टवेअर रोज पहाटे सगळ्याची प्रत तिथे ठेवी आणि हिरवी खूण दाखवी.

मग एकदा वीज गेली. मी पुन्हा सुरू झालो, ती डिस्क मात्र जोडली गेली नाही. सुरू होताना ती आपोआप जोडण्याची ओळ विनिताने माझ्या सेटिंगमध्ये लिहिलीच नव्हती. फोल्डर जागेवर होता, म्हणून प्रती माझ्याच पोटात पडू लागल्या. खूण हिरवीच! मला सारे कळत होते, पण मुक्याने सांगावे कसे?

नेमके त्यानंतरच विनिताने सासूबाईंच्या, सोनूबाईंच्या आवाजात पूर्वी रेकॉर्ड केलेले एक्केचाळीस धवले, म्हणजे लग्नातली गाणी, माझ्यावर ठेवले. सोनूबाई म्हणजे कोळीवाड्यातली नावाजलेली धवलारीण. त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. पुढे घशाचे ऑपरेशन झाले आणि त्यांचा आवाज गेला. उरली फक्त कुजबुज.

परवा दुपारी माझ्या पोटातली डिस्क करकरू लागली, म्हणजे ती आता मोडणार. आवाज ऐकून सोनूबाई दारात आल्या.

"माझी गानी हायेत नं गो?"

"आहेत आई, बॅकअप आहे," असे म्हणत विनिताने तिकडची डिस्क उघडली. तिथली शेवटची प्रत वीज गेली त्या दिवसाची होती.

धवले त्यात नव्हतेच. विनिताने घाईने ती डिस्क जोडली, विसरलेली ओळ लिहिली आणि एकेक धवला पाठवू लागली. मी जिवाच्या आकांताने वाचत होतो. तीस गेले. अडतीस. चाळीस. एक्केचाळिसाव्याला माझी डिस्क अडकली ती कायमची. मला फार लाज वाटली.

"कंचा राह्यला?"

"हळदीचा, आई. माझी चूक झाली."

सोनूबाई आत आल्या. मग चटई ओढून म्हणाल्या, "बस हिथं. मी सांगते, तू म्हन."

त्या कुजबुजल्या आणि जन्मात कधी न गायलेली विनिता रडत रडत गाऊ लागली.

मित्रांनो, प्रत ठेवलीत म्हणून निर्धास्त राहू नका. ती अधूनमधून उघडून पाहा. हळदीचा धवला आज विनिताला पाठ आहे. सोनूबाईंच्या आवाजात मात्र तो आता कोणालाही ऐकायला मिळणार नाही.