बायोटिनचा जोडारी

मित्रांनो, मी एक जुना जोडारी आहे. हातात पाना नाही की अंगावर निळे कपडे नाहीत. मी एक एन्झाइम आहे, जिवाणूच्या पेशीत घडलेला. आमचं खानदान मोठं. प्रथिनांना त्यांचे मदतनीस रेणू जोडून देणं हा आमचा धंदा. कोणी भाऊ हीम जोडतो, कोणी फ्लेविन. मी बायोटिन नावाचं जीवनसत्त्व जोडतो. ते मिळेपर्यंत माझं प्रथिन नुसतं बसून असतं! हजारोंच्या गर्दीत मी माझं गिऱ्हाईक ओळखतो आणि ठरल्या जागीच टाका घालतो. फुशारकी नाही, पण माझा टाका सहसा उसवत नाही.

पुढे प्रयोगशाळेतल्या ताईने मला पेशीतून काढलं, स्वच्छ केलं आणि कुपीत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. सुरुवातीला फार लाड झाले. मग तिचा शेवटचा प्रयोग आला. त्यावर तिची पदवी अडली होती, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मी प्रथिनाला बायोटिन जोडायचो. ताई ते प्रथिन कागदावर उतरवायची, रंग जिकडेतिकडे लागू नये म्हणून कागद दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवायची आणि मग बायोटिनला धरणारा रंग ओतायची. जोडणी झाली असेल तर तिथे काळी रेघ उमटायला हवी. पण कागद कोराच्या कोरा!

"अगं, तुझं एन्झाइम कधीच वारलंय," तिचे सर म्हणाले. "दे फेकून. विषय बदल आता."

ताईचे डोळे भरून आले. मला तर संताप आला. काम चोख करायचं आणि वर मेल्याचा शिक्का? पण आम्हाला तोंड कुठे असतं!

"सर, एकदाच करून बघते. नाही जमलं तर सोडते."

त्या दिवशी दुधाचा डबाच सापडेना. शेवटी तिने कपाटातलं दुसरंच एक साधं प्रथिन पाण्यात कालवून कागद भिजवला. रंग ओतला, आणि माझी रेघ उमटली. काळीभोर, ठसठशीत!

ताईने कपाळावर हात मारला. "सर, दुधातही बायोटिन असतं! सगळा रंग त्यालाच धरून पाण्याबरोबर वाहून जात होता."

सर चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"डबा तुम्ही नेलात?"

"चहाला दूध नव्हतं गं," सर ओशाळून म्हणाले.

मित्रांनो, मला बर्फात ठेवा, टेबलावर विसरू नका, एवढंच मागणं. आणि कागद कोरा आला तर आधी डब्यांकडे बघा, मग माझ्याकडे. ताईला पदवी मिळाली. मी अजून फ्रीझरमध्ये आहे. माझ्या कुपीवर सरांच्या अक्षरात लिहिलंय, "जिवंत आहे. फेकू नये."