विमलाच्या वहीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी स्टिक आहे, छापखान्यातली. काठी समजू नका. मी तळहाताएवढी, तीन काठांची पोलादी पट्टी आहे. जुळारी शिशाची अक्षरं एकेक उचलून माझ्यात ओळ जुळवतो. ओळ किती लांब, ते माझा सरकता काठ ठरवतो. त्याचा स्क्रू एकदा आवळला की मी कुणाचं ऐकत नाही.

रत्नागिरीच्या एका लहान छापखान्यात मी वीस वर्षं काशीरामच्या हातात होते. त्याची बायको विमला तिथेच पुस्तकं शिवायची. नवं काम आलं की आधी ती कोऱ्या कागदाची त्याच आकाराची वही करायची. घडी घालायची, शिवायची, तिन्ही कडा कापायची. मग त्या कापलेल्या पानावर काशीराम मला ठेवायचा. शिवणीकडे करंगळीभर आणि बाहेर अंगठाभर जागा सोडून स्क्रू आवळायचा.

"आधी कापून बघायचं, मग छापायचं," विमला म्हणायची.

चौऱ्याऐंशी साली भिवा तांडेल आला. खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा त्याने तिथीवार लिहून आणल्या होत्या. पुस्तक त्याला होडीवर न्यायचं होतं. विमलाने वही केली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात घालून पाहिली. नेमकी मावली. काशीरामने तिच्यावरच माझं माप घेऊन स्क्रू आवळला. ती तिची शेवटची वही. आठ दिवसांत तापाने ती गेली.

चौदाव्या दिवशी काशीराम कामावर आला. त्याने मला हातात घेतलं, पण अक्षराला हात लावला नाही.

मालक भिकाजीशेठ म्हणाले, "काशीराम, ओळ दोन बोटं वाढव. पानं कमी होतील."

"नाय."

"अरे, कडेला नुसती कोरी जागा सोडतोस!"

"ती कोरी नाय शेठ. वाचणाऱ्याच्या अंगठ्याची आहे. विमलानं मोजून ठेवलीन ती."

काशीराम जेवायला गेला. शेठ मूळचे जुळारीच. त्यांनी माझा स्क्रू सैल केला. मी अडून बसले, तर त्यांनी पक्कड लावली. काठ दोन बोटं सरकवून पहिलं पान स्वतः जुळवलं.

काशीराम परतला तेव्हा भिवाही आला होता. काशीरामने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो भांडला नाही. त्याने त्या पानाचा कच्चा छाप काढला, त्याची शिवणीकडची बाजू विमलाच्या वहीच्या शिवणीला जुळवून ठेवला आणि वहीच्या कडेने सुरी फिरवली.

"वाच, तांडेल."

"अमावास्या. भरती... एक?" भिवा ओरडला. "मेल्यांनो, अकरा लिवलंय मी!"

अकरातला शेवटचा आकडा कापलेल्या पट्टीसोबत जमिनीवर पडला होता.

"एकला पाणी उतरतं. तेव्हा मासळीनं भरलेली होडी आत घातली तर वाळूत रुतंल. शेठ, ढकलायला तुमी येणार काय?"

शेठ पुटपुटले, "तेवढा आकडा आत घेऊ."

"सगळं पुस्तक विमलाच्या मापानं होईल," काशीराम म्हणाला. "नायतर दुसरा जुळारी बघा."

शेठनी पक्कड खाली ठेवली. काशीरामने मला वहीवर ठेवलं आणि स्क्रू असा आवळला की त्याचं नख पांढरं पडलं. पुस्तक छापून झालं. भिवाने ते खिशात घातलं आणि वर बटण लावलं.

चार वर्षांनी छापखान्यात नवं मशीन आलं. शिसं वितळवायला गेलं. मलाही भंगारात टाकलं होतं. काशीरामने पोत्यात हात घालून मला बाहेर काढलं आणि घरी नेलं. आता मी विमलाच्या वहीवर असते. माझा स्क्रू गंजून घट्ट बसला आहे. बसू दे! ते माप आता कुणालाच हलवता येणार नाही.

मित्रांनो, तुम्ही नव्या मशीनवर खुशाल छापा. पण आधी कापून बघा. कडेची जागा फुकट जाते असं कुणी म्हणालं, तर त्याला पुस्तक धरून अंगठा कुठे ठेवतो ते दाखवायला सांगा. आणि तरीही तो ऐकत नसेल, तर स्क्रू आवळा.