पाचवं पान

चातुर्मासात मी दिवसातून एकदाच जेवते आणि जेवताना बोलत नाही. तोंडून शब्द निघाला की डबा बंद, मग दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त पाणी. सासूबाई हा नेम करायच्या, त्या गेल्यावर मी धरला. यंदा त्यात मी स्वतःचा एक वाढवला होता. माझ्या हातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक पानाच्या माथ्याला, देवाचं नाव असेल.

मी गावच्या तलाव समितीत कॉम्प्युटरवर बसते. खोली एकच. एक खिडकी, तीही प्रिंटरच्या मागे. वर्षभर काम थोडं असतं, पण आश्विनात पाऊस पाठ फिरवतो, धान पोटरीवर येतं आणि सगळं गाव या खोलीच्या दाराशी उभं राहतं. तेव्हा तलावाचं तुडूम उघडतात. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. चार दिवस पाणी चालतं, पाचव्या दिवशी बंद. उरलेलं पाणी गुराढोरांचं आणि मासोळ्यांचं. त्याला कोणी हात लावत नाही.

नावं शहाण्णव. मारुतीसमोर चिठ्ठ्या काढून क्रम ठरतो. एका नावाला एक तास. दिवसाला चोवीस नावं, चार दिवसांत सगळी. जुन्या वहीत एका पानावर चोवीसच ओळी आखलेल्या असत, आणि पाणी सोडणारे दुधरामभाऊ रोज सकाळी सहाला एक पान फाडून खिशात घालत. एक पान, एक दिवस. वही गेली, कॉम्प्युटर आला, पण दुधरामभाऊंचं पान काही गेलं नाही. तारीख ते वाचत नाहीत. पान संपलं की दिवस संपला. मध्येच एखादा तास रिकामा राहिला तर तुडूम बंद करत नाहीत, पाणी पानावरच्या शेवटच्या नावाच्या बांधीतच, म्हणजे त्याच्या धानाच्या खाचरातच, चालू राहतं. हाही जुनाच रिवाज.

सोमवारी सकाळी सहाला पाणी सुटलं. दुपारी एकला मी डबा उघडला. भात, वरण, लिंबाची फोड. चार घास झाले असतील, तेवढ्यात दारात रुख्मा येऊन उभी राहिली. रुख्माचा नवरा नाही. दीड एकर ठेक्यानं घेऊन एकटी करते.

"बाई, माह्यं नाव पाचव्या पानावर हाय का?"

मी मान हलवली. असं कसं असेल, अशी.

"दुधरामभाऊ म्हनते, पाचवं पान हाय, पन पाचवा दिवस नाही. मंग मी कोनत्या दिवशी पानी घेऊ? धान गर्भात आलं बाई. आज-उद्याकडे पाहून राहिलो आमी."

खिळ्याला पानं टांगलेली होती. पहिलं दुधरामभाऊंच्या खिशात, बाकीची तिथे. मी उष्ट्या हातानेच उठले, डाव्या हातानं पानं उलटली. दुसरं, तिसरं, चौथं. आणि त्यामागे एक पान जवळजवळ कोरं. वर "॥ श्री ॥", मग रकान्यांची नावं, मग फक्त चार ओळी. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. शहाण्णव, रुख्मा.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं.

डबा मी तिथेच झाकला.

रुख्माला म्हटलं, "तू घरी जा. मी बघते." ती गेली नाही. दाराबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली.

मी यादी उघडली आणि पानांच्या तुटीचं चित्र पडद्यावर आणलं. एक पान जिथे संपतं तिथे निळी तुटक रेघ दिसते. गेल्या वर्षी ती चोविसाव्या नावाखाली होती. यंदा तेविसाव्याखाली. कारण शोधावं लागलं नाही. माथ्याच्या ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापायची सोय असते, ती वापरून मी "॥ श्री ॥" सगळ्या पानांवर घेतलं होतं. एका ओळीची जागा देवाच्या नावानं घेतली, आणि प्रत्येक पानातून एक नाव खाली ढकललं गेलं. चार पानांची चार नावं. छापण्याआधी मी पाहिलं होतं, पण पहिलंच पान. वर नाव नीट मधोमध आलंय का, एवढंच.

रेघ माउसनं धरून एक ओळ खाली ओढली. अक्षरं आपोआप थोडी बारीक झाली, चोवीस नावं बसली. समास कमी करून पाहिला, तसंही बसलं. काम दोन मिनिटांचं होतं. पण नव्या पानांवर अध्यक्षांची सही लागणार होती. सहीशिवाय दुधरामभाऊ कागदाला कागद म्हणत नाहीत.

मी फोन केला. अध्यक्ष हीरालालभाऊ तिरोड्याहून यायला निघाले होते. तीन वाजता आले, खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली. मी सगळं सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान, त्यात भीती. त्यांनी दोनदा "हं? जोरसे बोलो बाई" म्हणून विचारलं.

मग त्यांनी खिळ्यावरची पानं मागितली. सावकाश उलटली.

"पहिल्या पानावर शेवटी कोन हाय?"

मी पडद्यावरची यादी वर सरकवली.

"सांग ना. खुशाल हाय. तुह्याच घरचा. पाचच्या नावाचा तास रिकामा, मंग ते पानी कोनाच्या बांधीत जाईल?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेविसावं नाव आमचं, माझ्या नवऱ्याचं. पहाटे चार ते पाच आमची पाळी, आणि पाच ते सहा कोणाचंच नाव नाही. दोन तास पाणी आमच्याच बांधीत.

"आन् तिसऱ्या पानावर शेवटी कोन?" ते हसले. "मी. आता तू गावात जाऊन सांग, चुकी झाली म्हनून. लोक का म्हनतील? बाईनं आपल्या घरासाठी केलं, अध्यक्षानं सही ठोकली. तुह्याही तोंडाले काळं, माह्याही. त्यापेक्षा झालं ते झालं."

"भाऊ, चार घरांचं धान जाईल."

"पाऊस येऊ शकते."

"मी नवी पानं काढून देते. सही करा फक्त."

मी घाईघाईत एक पान छापलं. अक्षरं बारीक नकोत, दुधरामभाऊंना दिसत नाहीत, म्हणून "॥ श्री ॥" ची ओळच काढून टाकली होती. हीरालालभाऊंनी पान हातात घेतलं, माथ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं.

"देवाचं नाव खोडून आनलेल्या कागदावर मी सही करू? ऐन चातुर्मासात? तू भक्तीन बाई, तुले चालते. मले नाही चालत."

ते उठले. जाताना रुख्माकडे पाहून "काऊन वो, घरी काम नाही का तुले?" म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मी परत खुर्चीत बसले. खोलीत प्रिंटरच्या पंख्याचा आवाज. यांचा फोन आला. यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

"रेणू, दोन तास भेटून राहिले म्हनते आपल्याले!"

"ते आपले नाहीत. माझी चूक आहे."

"चूक असो नाहीतर काही असो. वरची बांधी कोरडी पडून राहिली, तुले मालूम नाही का? देवानं दिलं ना? तूच त त्याचं नाव टाकलं वर." मग आवाज उतरवून, "तू मधात नको पडू. गावात तोंड दाखवाचं हाय आपल्याले."

मी फोन ठेवला. हे म्हणत होते ते अगदी खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. वरची बांधी कोरडी होती, माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मी काही बोलले नाही तर कोणी मला विचारणार नव्हतं. कागदावर सही होती, शिक्का होता. बाहेर रुख्मा बसलेली. मी दार लावलं असतं तरी ती मला दिसलीच असती.

भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. प्रार्थना केली असं म्हणणार नाही, नुसतं पाहिलं. मग हाताला चाळा म्हणून पाचवं पान पुन्हा समोर घेतलं, आणि तेव्हा ती सही नीट पाहिली.

हीरालालभाऊंची सही नेहमी तिरकी, खालून वर जाणारी, शेवटच्या रकान्यातून. भरल्या पानावर ती तळाशी दोन ओळींत मावायची. या पानावर नावंच चार, मोकळी जागा भरपूर, तेव्हा त्यांनी ऐसपैस केली होती. शहाण्णवपासून सुरू होऊन थेट त्र्याण्णवच्या पुढे गेलेली. न वाचता केलेली सही.

मी टेबलाच्या कप्प्यातून कात्री काढली.

चार पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टीवर एक नाव, एक क्रमांक आणि सहीचा एक तुकडा. गोंदाची बाटली वाळून दगड झाली होती. डबा उघडला. भात गार, घट्ट. दोन शितं बोटानं चुरून पट्टीच्या पाठीला लावली. त्या दिवशी तो भात मला चालणार नव्हताच.

दुसऱ्या पानाखाली चौऱ्याण्णव. तिसऱ्याखाली पंच्याण्णव. चौथ्याखाली रुख्मा. पहिली पट्टी हातात धरून मी थांबले, तिचं पान दुधरामभाऊंच्या खिशात होतं.

साडेपाचला दुधरामभाऊ चिलीम ओढून आले. मी सगळं सांगितलं, या वेळी एकदाही "हं?" म्हणावं लागलं नाही त्यांना. कोणाचं नाव शेवटी आहे, कोणाला काय मिळणार होतं, तेही सांगितलं. आमचं नाव आधी घेतलं.

त्यांनी खिशातून पहिलं पान काढलं. घडीवर चिखल लागलेला.

"मी घंटे मोजतो, बाई. दिवसाचे चोवीस घंटे, आन् नावं तेवीस. सकाळपासून खटकून राहिलं होतं मले. वाटलं, आपलंच मोजनं चुकलं. म्हातारा झालो ना." पट्टी त्यांनी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "सही?"

मी चारही पट्ट्यांवरची रेघ बोटानं दाखवली.

"हीरालालचीच हाय," ते म्हणाले. "शेपटी त्याचीच. मान्य." आणि पहिल्या पानाखाली, खुशालच्या नावाच्या बरोबर खाली, त्यांनी स्वतःच पट्टी दाबली. "आता रिकामा घंटा नाही. कोनाचीच वेळ मागंपुढं झाली नाही. ज्याले दोन भेटत होते, त्याले एक भेटन. बरं, भाताले मीठ हाय का? मीठ असन त लवकर निघते."

"नाही. माझा भात अळणी असतो."

"मंग टिकते."

घरी मी दिवा लावला. हे जेवले, चारचा गजर लावून झोपले. मंगळवारी पहाटे चारला पाण्यावर गेले, पाचला परत आले. चपला दारात जोरात काढल्या, तेवढंच.

मंगळवारी हीरालालभाऊ कचेरीत आले. खिळ्याजवळ उभे राहून त्यांनी तिसऱ्या पानाखालची पट्टी अंगठ्यानं चाचपून पाहिली. स्वतःची सही, नाही म्हणायची कशी?

"भात उंदीर खाते, बाई," जाताना म्हणाले.

ते काही खोटं नव्हतं. कचेरीत उंदीर आहेत, मागच्या साली त्यांनी प्रिंटरची वायर कुरतडली होती. मी चौथं पान खिळ्यावरून काढून तसबिरीच्या मागे ठेवलं. बुधवारी दोनदा पाहिलं, गुरुवारी पहाटे कचेरी उघडून ते दुधरामभाऊंच्या हातात दिलं. एक कोपरा उचकटला होता. त्यांनी जिभेनं ओला करून दाबला आणि खिशाला पिन लावली.

शुक्रवारी सकाळी आठला मी यादीची फाईल उघडून बसले होते. निळी रेघ चोविसाव्या नावाखाली आणून ठेवली. "॥ श्री ॥" पहिल्या पानावर ठेवलं, बाकीच्यांवरून काढलं. माझा नेम मोडला होता. त्याचं काय प्रायश्चित्त घ्यायचं, ते अजून ठरलं नव्हतं.

दारात रुख्मा. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर खोचलेला.

"आलं का ग पाणी?"

"आलं ना. शेवटी शेवटी बारीक झालं होतं, पन आलं. सहाले भाऊनं तुडूम पाडलं." ती उंबऱ्यावर टेकली. "तुमच्या घरचे उभे होते तिथं."

माझा हात माउसवरच राहिला. "काय म्हणाले?"

"काही नाही. बांधीच्या काठाले, धुऱ्यावरून घोरपडीसारखे पाहून राहिले होते. पानी फुटलं एका जाग्याले, त त्यायनंच मले फावडं देल्लं."