पाव आटा

क्लिककाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. सायकलच्या दुकानाचे मालक तेच, मेकॅनिक तेच आणि सकाळी झाडू मारणारेही तेच. पण पाण्याची बाटली अडकवायचा चिमुकला स्क्रूसुद्धा ते टॉर्कच्या पान्याशिवाय आवळत नसत. त्या पान्यावर आकडा लावायचा आणि फिरवायचं. पुरेसं आवळलं गेलं की पाना स्वतःच ‘क्लिक’ करून सांगतो, बाबा रे, आता बस. शहाणी माणसं तिथं थांबतात. काका मात्र स्क्रू ढिला करायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा क्लिक ऐकायचे. “काकांचे स्वतःचे आटे ढिले झालेत, म्हणून सायकलींवर राग काढतात,” असं गिऱ्हाइकं तोंडावर म्हणत आणि काका त्यांच्याबरोबर हसत. हसता हसता त्यांची नजर वर माळ्याकडे जायची, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

काकूंच्या आलं होतं. काकू गल्ल्यावर बसायच्या, आणि तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलेलं नव्हतं. पूर्वी याच माणसाला पाना दाखवला की तो म्हणायचा, “हात आहे ना! हाताला कळतं.” आणि खरंच कळायचं. त्या हातावर दुकान उभं राहिलं होतं. मग चार वर्षांपूर्वी एकाएकी खोक्यात पडून असलेला पाना बाहेर आला आणि नवऱ्याचा हातावरचा विश्वास उडाला. काकूंनी मनाशी म्हटलं, वय झालं. म्हातारपणी कुणाला देव आठवतो, कुणाला जुनी भांडणं. आमच्या ह्यांना पाना आठवला.

माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक काळी कार्बनची सायकल आकड्याला टांगलेली होती. हवा बाहेर टाकणारा पंखा चालू असला की तिचं चादरीबाहेर राहिलेलं मागचं चाक हळूहळू फिरायचं आणि टिक, टिक वाजायचं. पंखा बंद केल्यावरही कधी कधी एखादा टिक यायचा. “वारा असेल,” काकू म्हणायच्या. काका हातातलं काम खाली ठेवून पुढच्या टिकची वाट बघत उभे राहायचे, आणि तो आला नाही की त्यांना जास्तच भीती वाटायची.

ती डोंगऱ्याची सायकल. चढ दिसला की ह्या माणसाच्या अंगात यायचं, म्हणून सोबत्यांनी त्याला डोंगऱ्या म्हणायला सुरुवात केली होती. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तो दुकानात आला आणि म्हणाला, “काका, हँडल एक बोट वर करा ना. पाठ दुखते.” काम पाच मिनिटांचं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी वरपर्यंत येते, तिच्यावरच्या दोन कड्या खाली घालायच्या, हँडल धरणारा स्टेम वर सरकवायचा आणि स्क्रू आवळायचे. काकांनी ते हाताच्या अंदाजानं आवळले, आणि मग आयुष्यभराच्या सवयीनं आणखी पाव आटा दिला, सुटायला नको म्हणून. लोखंड असा पाव आटा पोटात घालतं. अॅल्युमिनियम मोडण्याआधी वाकून तक्रार तरी करतं. ही नळी कार्बनची होती. आतून अगदी बारीक ‘कट्’ असा आवाज आला, शेंगेचं टरफल मोडावं तेवढाच. काका क्षणभर थांबले. नळीला लावलेली पेस्ट रवाळ असते, तिचाच कण असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि डोंगऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

तिसऱ्या आठवड्यात लांब उतारावर, वळणाच्या तोंडाशी, डोंगऱ्या गेला. मागून येणाऱ्यानं सांगितलं की त्यानं दोन्ही हात सोडले, हात वर गेलेले मी डोळ्यांनी पाहिले. सायकल टेम्पोतून दुकानात आली तेव्हा हँडल केबलींवर लोंबकळत होतं. पडल्यावर मोडलं, असं सगळे धरून चालले. काकांनी तुटलेली नळी उजेडात धरली. अर्धी कड ताजी, चकचकीत होती. उरलेली अर्धी मळलेली होती, घाम आणि धूळ मुरून काळवंडलेली, आणि ती बरोबर स्टेमच्या काठाखाली होती. घरच्यांनी निरोप धाडला, फेकून द्या. काका हो म्हणाले आणि सायकल चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवली. फेकायचा धीर झाला नाही आणि सांगायचा तर त्याहून नाही.

आणि आता, गुरुवारी दुपारी, डोंगऱ्याची धाकटी बहीण आपली जुनी अॅल्युमिनियमची सायकल हाताने ढकलत दुकानात आली होती.

“काका, कार्बन घ्यायचीय,” ती म्हणाली.

ती कानाच्या दवाखान्यात काम करायची. लोकांना काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, किती ऐकू येतं ते तपासायची. चेहरा भावासारखा नव्हता, पण हात तसेच लांब होते, मनगटं तशीच हाडकुळी. काकांनी तिच्या हातांकडे बघायचं टाळलं.

“ही काय वाईट आहे?”

“वाईट कोण म्हणतंय? सहा वर्षं झाली हिला. दादानं निवडून दिली होती, इथंच उभं राहून. पण चढावर बाकीचे गप्पा मारत जातात आणि मी आपली मागून धापा टाकत.”

“मग चाकं बदल,” काका घाईघाईनं म्हणाले. “हलकी चाकं घाल, टायर जरा रुंद घाल. अर्धा फरक तिथंच पडतो. सांगाडा कशाला बदलतेस?”

गल्ल्यावर काकू खोकल्या. दारात आलेल्या लक्ष्मीला हा माणूस परतीची वाट दाखवत होता.

पण धाकटी अभ्यास करून आली होती. दुकानात तिच्या मापाच्या दोन कार्बन होत्या. एक शर्यतीची, खाली वाकवणारी. दुसरी लांबच्या पल्ल्याची, हँडल थोडं उंच आणि रुंद टायरला जागा असलेली. तिनं दोन्ही गल्लीतून फिरवून आणल्या. पहिलीवरून उतरताना म्हणाली, “ही धावते, पण हिच्यावर पोट गुडघ्यांत येतं. वीस मिनिटं मजा आणि पुढं आठवडाभर मलम.” दुसरीवरून आली ती मात्र उतरेचना. रस्त्याच्या खडबडीवर हात झिणझिणत नाहीत म्हणाली, आणि पायडल मारला की मधे काही सांडत नाही, सगळं चाकात जातं.

“वजनाला ही थोडी जास्त आहे,” काकांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

“तेवढं मी बिस्किटं सोडून कमी करीन.” ती हसली. “काका, तुम्ही आमच्या पेशंटसारखं करताय. ऐकू न येणाऱ्याला मी मशीन देते. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याला काय देऊ?”

काकू मोठ्यानं हसल्या. काकांच्या हातातली मापाची टेप मात्र जमिनीवर पडली.

त्यांनी सायकल स्टँडवर चढवली. धाकटी सीटवर बसली, आणि बसण्याआधी तिनं ब्रेक दोनदा दाबून पाहिला. डोंगऱ्या असंच करायचा, दोनदा, कधी एकदा नाही आणि तीनदा नाही. काकांनी तिच्या गुडघ्याचा कोन पाहिला, सीट अर्धं बोट मागं घेतली. त्यांची मान खालीच होती. मग वरून आवाज आला.

“काका, हँडल एक बोट वर करा ना. पाठीला बरं पडेल.”

शब्द तेच होते. काकांना वाटलं, मान वर केली तर सीटवर भलताच माणूस बसलेला दिसेल. त्यांनी कड्या काढल्या, खाली घातल्या, स्टेम बसवला, स्क्रू बोटांनी फिरवले. पाना उचलला, आकडा लावला. पान्याचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना.

माळ्यावर टिक झालं.

काकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

“दादाची आठवण येते ना?” धाकटी हळू आवाजात म्हणाली. पाना बसत नाही, हे तिनं पाहिलं होतं. “आमच्याकडे त्याचं नावच निघत नाही. त्याची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती, तुम्हाला माहीत नसेल. आईनं मनाशी धरलंय की त्यानं मुद्दाम हात सोडले. चार वर्षं तेच. ‘माझा मुलगा मला न सांगता गेला.’ बाबांनी तर त्याचा फोटो काढून टाकला भिंतीवरून, खिळ्यासकट. म्हणाले, जो आम्हाला सोडून गेला त्याला मी कशाला टांगू?”

काका पान्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा लावत राहिले.

“म्हणून तर ही सायकल. या रविवारी त्याच उतारावर जाणार आहे, त्याच्याच वेगानं. ह्या जुनीवर तेवढा वेग येतच नाही.” ती ब्रेककडे बघत बोलत होती. “आणि त्या वळणाशी मीही एकदा हात सोडून बघणार आहे. क्षणभरच. काय वाटलं असेल त्याला, ते तरी कळेल.”

काकूंच्या हातातलं पेन थांबलं. “अगं, वेडबिड लागलंय का तुला!”

काकांनी पाना खाली ठेवला. कोपऱ्यातली शिडी आणली, माळ्याला लावली आणि चढले. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस. एरवी काकू ओरडल्या असत्या. चादरीतलं ओझं छातीशी धरून ते उतरले आणि सायकल दुकानाच्या मध्यभागी फरशीवर ठेवून त्यांनी चादर सोडली. मागचं चाक थोडं फिरलं आणि थांबलं.

धाकटी नव्या सायकलवरून उतरली. “तुम्ही फेकली नाहीत?”

“त्यानं हात सोडले नव्हते,” काका म्हणाले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य, आणि निघालं ते अगदी साध्या आवाजात. “हँडलच निघून आलं त्याच्या हातात. मागून बघणाऱ्याला हात वर गेलेले दिसले. हातात हँडल होतं. तो धरूनच होता.”

ती गुडघ्यांवर बसली. काकांनी तुटलेली नळी तिच्यापुढं धरली आणि बोटानं दाखवलं. “ही कड त्या दिवशी तुटली. ही काळी, ही जुनी आहे. आधी तीन आठवडे चिरलेली होती. मी हँडल वर करून दिलं होतं, त्या दिवसापासून. पाना होता माझ्याकडे, खोक्यात. मी हातानं आवळलं. आणि वर पाव आटा जास्त दिला.”

धाकटीनं काळ्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, पुन्हा पुन्हा. तिच्या बोटाला काजळी लागली.

“आवाज आला होता?” तिनं विचारलं. दवाखान्यात काचेपलीकडच्या माणसाला विचारावं, तशी.

“आला होता.”

“तुम्ही ऐकला होता?”

“ऐकला होता.”

काकू गल्ल्यामागे उभ्या होत्या, पदर तोंडावर. चार वर्षांचे सगळे क्लिक त्यांना एकदम कळले, आणि आपण त्यावर हसलो ह्याची लाज वाटून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

धाकटी ओरडली नाही. ओरडली असती तर काकांना सोसलं असतं. ती उठली, बोट आपल्या पँटला पुसलं, आणि म्हणाली, “कार्बन मी घेणार. पण तुमच्या हातून नाही.” मग दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. “ते हँडल आणि नळी घ्या आणि चला. आईला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणेल, भावाला पाठीशी घालते.”

काकांनी केबली कापल्या. हँडल, त्याला चिकटलेला नळीचा तुकडा आणि फोर्कमध्ये राहिलेला उरलेला भाग चादरीत घेतला. कामाचा अॅप्रन काढायचंही त्यांना सुचलं नाही. धाकटी पुढं, जुनी सायकल ढकलत. काका मागं, दहा पावलांवर. वाटेत ओळखीच्या एकानं “काय क्लिककाका, डिलिव्हरी?” म्हणून हाक मारली. त्यांनी मान हलवली.

दुसरा मजला. आईनं दार उघडलं. हातात भांडं पुसायचं फडकं, चष्मा कपाळावर. आतल्या खोलीत वडील खुर्चीत पेपर धरून बसलेले दिसत होते. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं काका दारातच विसरले. त्यांनी चादर सोडली आणि जे होतं ते पुढं केलं.

“ताई, त्यानं हात सोडले नव्हते. चूक माझी होती.”

मग एक एक करून सगळं सांगितलं. खोक्यातला पाना सांगितला, पाव आटा सांगितला, आवाजही सांगितला. आत पेपर खाली आला होता, पण कुणी उठलं नाही.

आईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि हँडल हातात घेतलं. तिला ते कसं धरायचं माहीत नव्हतं. धाकटीनं तिची बोटं धरून योग्य जागी लावली. त्यावर गुंडाळलेली टेप अजून तशीच होती, मुठीच्या जागी झिजलेली.

“इथं धरून होता?”

“तिथंच.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत, ताई.”

ती रडली नाही. हँडल तसंच दोन्ही मुठींत धरून आत गेली. नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि काहीतरी हळूच बोलली, ते काकांना ऐकू आलं नाही.

“जा आता तुम्ही,” धाकटी म्हणाली. “पुन्हा या असं म्हणणार नाही. पुढं काय करायचं ते आम्ही ठरवू.”

दार लागलं. काका जिन्यात उभे राहिले. दुकानात मोडकी सायकल फरशीवर पडली होती, नवी स्टँडवर होती आणि तिचे स्क्रू नुसते बोटांनी लावलेले होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कानात टिक नव्हतं की कट् नव्हतं, आणि ती शांतता त्यांना पेलवत नव्हती.

मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. थोड्या वेळानं भिंतीवर ठोके पडू लागले, आधी चुकत, मग नीट. वडील खिळा ठोकत होते. काका कठड्याला धरून शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकत उभे राहिले.