आलेखांची लिंक

रक्तपेढीच्या प्रमुख बाईंना दुपारी विश्वस्तांपुढे साठ्याचे आकडे मांडायचे होते आणि प्रेझेंटेशनमधले आलेख काही केल्या हलायला तयार नव्हते. एक्सेलमध्ये नवे आकडे भरून झाले होते. स्लाइडवर मात्र ओ निगेटिव्हच्या पिशव्या अजून उन्हाळ्यातल्याच. 'अपडेट' दाबलं की कॉम्प्युटर म्हणे, जोडलेली फाइल सापडत नाही.

सापडणार कशी? हे सगळं लेकीनं, ठकूनं, सुट्टीत स्वतःच्या लॅपटॉपवर करून दिलं होतं. आलेख अजून तिथलीच फाइल शोधत होते, आणि लॅपटॉप ठकूबरोबर नोकरीच्या गावी गेला होता.

"नवे आलेख काढून चिकटवा की सरळ," शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला.

"नको. पोरीनं एवढ्या हौसेनं केलंय," म्हणत बाईंनी फोन लावला. भर दुपारी लेकीला फोन करायला आज चांगलं निमित्त मिळालं होतं.

"आई, 'ब्रेक लिंक' दाबलं नाहीस ना? त्यानं जोडणीच तुटते."

"छे गं. हातसुद्धा लावला नाही."

"शहाणी माझी बाय! स्क्रीन दे माझ्याकडे, इथूनच चालवते."

बाईंनी परवानगी दिली आणि माउसवरचा हात काढून घेतला. बाण आपोआप चालू लागला. फाइल, माहिती, मग लिंकची यादी. मध्येच तो एका जागी गोल गोल फिरला. गणित अडलं की ठकू पेन्सिल अश्शीच फिरवायची.

"हा बघ, पहिल्याचा सोर्स बदलला. आता तुझ्याकडची फाइल जोडली." ओ निगेटिव्हचा खांब सर्रकन खाली आला. मग बाण पडद्याच्या कोपऱ्यातल्या हवामानाच्या चित्रावर जाऊन थांबला. "आई, तिकडे पाऊस आहे?"

"ते तुझ्या गावचं हवामान लावलंय," बाई पुटपुटल्या. "कामावर आल्या आल्या बघते रोज. काल भिजलीस का?"

"भिजले थोडी. छत्री बसमध्ये विसरले."

एरवी बाईंनी चांगलं फैलावर घेतलं असतं. आज नुसतं "नवी घे हं" म्हणाल्या.

"उरलेले आलेख तू कर," ठकू म्हणाली. "मी बघते."

"जेवणाची सुट्टी संपेल ना तुझी."

"संपू दे."

बाई एकेक लिंक निवडून सोर्स बदलू लागल्या. तिसऱ्या आलेखापर्यंत हात बसला, तशा त्या उलट सावकाश करायला लागल्या.

"आई, मुद्दाम रेंगाळतेयस."

"सवय नाही गं."

"हो का!" ठकू हसली, पण तिनंही घाई केली नाही. शेवटचा आलेख झाल्यावर म्हणाली, "दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेव. नावं बदलू नकोस. पुन्हा बिघडलं तर फोन कर."

"आता कशाला बिघडेल?"

"नाही बिघडलं तरी कर ना."

बैठकीत आकडे चोख आले. रक्तदान शिबिराला लगेच मंजुरी मिळाली.

"आलेख झकास झालेत हं," एक विश्वस्त म्हणाले. "कुणी केले?"

"माझ्या लेकीनं," बाई म्हणाल्या. "बाहेरगावी असते ती."

आणि पुढची स्लाइड लावायला त्यांना जरा वेळ लागला.