कडूबाचे सुजलेले पाय

कडूबाच्या पायांची सूज उतरेना आणि माझा पारा उतरेना. क्रांती चौकाजवळच्या माझ्या दवाखान्यात तो पुन्हा तशाच टम्म पायांनी आला, तेव्हा बसा म्हणायच्या आधीच मी तोफ डागली. "कडूबा, मीठ खाताय तुम्ही!"

"नाय हो डाक्टरबाई, आईच्यान!"

वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस चालवायचा तो. मालकानं बजावलं होतं, सूज उतरली तरच स्टेअरिंग, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. बसवर त्याचा भारी जीव. घरी बसून पार कोमेजला होता बिचारा.

मी पहिल्यापासून समजावलं. किडनी रक्तातलं मीठ गाळते आणि त्यातलं बहुतेक परत ओढून घेते. मी दिलेली गोळी ते ओढणं कमी करते. मग मीठ लघवीवाटे जातं, त्याच्यामागून पाणी जातं आणि सूज उतरते.

"म्हंजे पुढच्या दारानं पाशिंजर उतरिवलं अन् मागच्या दारानं पुन्हा भरलं, तर बस रिकामी व्हायची कशी?" कडूबा म्हणाला.

"अगदी बरोबर! मग भरतंय कोण?"

त्यानं सोबत आलेल्या बायकोकडं पाहिलं. आशाबाई ठसक्यात म्हणाली, "मिठाचा खडाबी घालत नाय मी."

आता गोळी वाढवावी की दाखल करून घ्यावं, या विचारात मी डबा उघडला. संकष्टी होती, पोटात कावळे ओरडत होते. साबुदाण्याची खिचडी बघून आशाबाई खुलली.

"तुमीबी शेंदेलोणच घालता न बाई? ह्यांच्या कालवणात मीबी त्येच घालते. उपासाला चालतं, म्हंजे ते काय मीठ नाय."

माझा घास हातातच राहिला.

"अहो, देवाला चाललं तरी किडनीला ते मीठच!" मी ओरडलेच.

आशाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अळणी घास ह्यांच्या गळ्याखाली उतरंना, म्हून..."

मला माझ्या आवाजाची लाज वाटली, आणि हसूही आवरेना.

शेंदेलोण बंद झालं आणि त्याच गोळीनं सूज भराभर ओसरली. बस चालवायला हरकत नाही म्हटल्यावर कडूबा लहान पोरासारखा हरखला.

"अळणी जेवण जमतंय का?" मी विचारलं.

"लई वंगाळ लागतं," तो म्हणाला आणि आशाबाईकडं बघून हसला. "पर हिनंबी मीठ सोडलंय माझ्यासंगं. एका ताटात जेवतो. ती घासाघासाला तोंड वाकडं करती, ते बघून मला दोन घास जास्त जातात."